बुधवार

रात्री साडेअकराला तेंदूपत्त्याचा टेम्पो
लंगडत फाट्यावर आला.
मागचं डावं चाक बसलेलं.
लाइन गेलेली, मे महिना,
नागभीडच्या रस्त्याचं डांबर अजून पायाला चटका देणारं.
बाबा बाजेवरून उतरले, टॉर्च माझ्या हातात दिली:
"पकड. अन् हालवू नोको."

ट्यूब निघाली, हवा भरली,
अर्ध्या कापलेल्या ड्रमाच्या पाण्यात
बाबा ती वितीवितीने फिरवू लागले,
बुडबुड्याची वाट पाहत.

ड्रायव्हर सोमाजी नैताम, विडी कानावर ठेवत:
"पोरगी काय शिकते जी?"
"नागपूरले हाय. चांदण्याइचं काईतरी."
बाबा म्हणाले, जसं कुणी म्हणावं
नर्सिंगचं, नाहीतर शिवणकामाचं.

तेव्हा मला का कोण जाणे सांगावंसं वाटलं.
म्हटलं, काका, सगळं फुगतंय.
फुगत फुगत इतकं लांब लांब होईल
की एकीच्या चुलीतला विस्तव दुसरीने न्यावा
एवढ्या जवळ कुणी उरणार नाही.
तारे विझतील. ऊब सगळीकडे सारखी होईल,
म्हणजे कुठेच नाही.
"कई?"
एकावर शंभर शून्यं, तितक्या वर्षांनी.
सोमाजीने वर पाहिलं नाही, टेम्पोकडे पाहिलं.
पुडे पहाटेच्या आत गोदामात पोचायचे होते.

दुसरं म्हणणं असं, की ताण वाढतच जाईल:
आधी दीर्घिका उसवतील,
मग सूर्यापासून ग्रह,
मग बोटापासून नख.
"टायर बस्ट!" सोमाजी खूश झाला.
"हे समजलं मले. वडशाच्या रोडवर पाह्यलो मी,
सोळा चाकी होती."

आणि तिसरं, मी म्हटलं,
एक दिवस हे फुगणं थांबेल
आणि सगळं परत येईल,
गेलं त्याच वाटेने, होतं तिथे.
इथे माझा आवाज हलला असणार,
कारण बाबांनी मान वर केली.
दादा हैदराबादला गेला त्याला चौथं वर्ष.

"असं होनार हाय?"
मोजमापं तसं म्हणत नाहीत, बाबा.
आजवर तरी.

ट्यूबचे दोन फेरे झाले, पाणी निवांत.
चौथं म्हणणं मी सांगितलं नाही:
की काही कारण नसताना, कुठेही,
पोकळीत एक बुडबुडा उठेल
आणि पसरेल उजेडाच्या वेगाने,
त्यामुळे बातमी आणि शेवट एकदमच पोचतील.
नेमका तेव्हा व्हॉलपाशी एक उठला,
राईएवढा.
टॉर्च हलली.
"हालवू नोको म्हटलं ना," बाबा म्हणाले.

पिन बदलली. थुंकी लावून पाहिली. बरोबर.
चाळीस रुपये.
सोमाजीकडे पाचशेची नोट, आमच्याकडे सुटे नाहीत.
"बुधवारी वापस येतो."
बाबांनी खडूने दारावर लिहिलं: टेम्पो ४०.
ना नाव, ना गाडीचा नंबर.
त्याखाली दादाचा जुना मोबाईल,
जो लागत नाही आणि पुसलाही जात नाही.

टेम्पोचा मागचा एकच दिवा चालू होता.
लांब जाणारं लाल दिसतं
हे मी परीक्षेत चार मार्कांना लिहिलंय.
हा मुळातच लाल होता.
वळणावरच्या मोहामागे गेला तरी
मी टॉर्च तशीच धरून.

"येईल का हो?"
"कोन?" बाबा म्हणाले.
मला सांगता आलं नाही.
ड्रमावर त्यांनी पोतं टाकलं,
पाणी उद्याही लागणार होतं.

बुधवारी मी नागपूरला होते.
फोनवर बाबा उन्हाचं बोलले,
कुणाच्या तरी ट्रॅक्टरचं,
शेजारच्या विहिरीतल्या मोटारीचं.
चाळीस रुपयांचं मी विचारलं नाही
आणि त्यांनीही काढलं नाही.